ढेकूण की ढेकण्या

"इवाईनं पलंग दिला, अन् पलंगासंग फौज बी दिली," माझे व्याही भर पंगतीत म्हणाले.

अमरावतीला नात्यातलं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. माझी मुलगी तेल्हाऱ्याकडच्या एका गावात दिल्याला तेव्हा नऊ महिने झाले होते. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि दोन इवाई शेजारी बसले की एकमेकांची टर उडवायची रीतच आहे. त्यामुळे पंगत आधीपासूनच हसायला तयार होती. समोरच्याने विचारलं, "कायची फौज जी?"

"ढेकणाची," व्याही म्हणाले. "जुन्या बाजारातला माल. सारं घर खाजवून राहिलं. सून पयले उतरली का ढेकूण पयला उतरला, तेच समजलं नाई."

माझ्या ताटात नुकतीच वांग्याची भाजी पडली होती. मी तसाच उठलो, हात धुतले आणि स्कूटर काढली. बायको मागून "अवो, अवो" करत राहिली. ती नंतर ऑटोने घरी आली.

"थट्टा होती ती," ती म्हणाली.

"थट्टा मी बी करतो. माणसाची करतो. मालाची नाई करत."

मी जुन्या सागवानाचा धंदा करतो. पडणाऱ्या घरांची दारं, चौकटी, पलंग, कपाटं घ्यायची, सांधे बसवायचे, रंधा मारून पॉलिश करायचं आणि विकायचं. सुरुवात भाड्याच्या हातगाडीवर केली. आज माझं स्वतःचं गोदाम आहे आणि ते मला कोणी दिलेलं नाही. या धंद्यात लाकूड ओळखणारे पुष्कळ भेटतात. पण भाव ठरतो तो किडा ओळखणाऱ्याच्या तोंडून, हे मी लवकर शिकलो.

लाकडाला सुईने टोचल्यासारखी गोल भोकं असली आणि खाली पिठासारखी भुकटी पडलेली असली की तो भुंगा. भुकटी ताजी, मोकळी असेल तर किडा आत जिवंत आहे. पिवळी पडून भोकातच घट्ट बसली असेल तर तो कधीच गेला, नुसती खूण राहिली. उधळी, म्हणजे वाळवी, अशी भोकं पाडत नाही. ती मातीची नळी बांधत येते आणि आतलं सगळं खाऊन वरचा पापुद्रा तेवढा शाबूत ठेवते. पंख फुटलेली उधळी आणि पंख फुटलेली मुंगी यांत तर भले भले फसतात. मुंगीची कंबर दोऱ्याने आवळल्यासारखी असते, मिशा कोपरात वाकवल्यासारख्या असतात, आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. उधळीला कंबरच नसते. मिशा सरळ, चारही पंख एका मापाचे. एका माणसाने मला दाराची अख्खी चौकट जवळजवळ फुकट दिली होती, कारण तिच्यावर फिरणाऱ्या मुंग्यांना तो उधळी समजत होता. मी काही बोललो नाही. सांगणं माझं काम नव्हतं.

सवय अशी लागली की घरातही मी पहिल्यांदा पाय मोजतो. बायको न्हाणीघरातून "गोम, गोम" ओरडली की मी चप्पल न घेता वाकून बघतो. बहुतेक वेळा वाणी असतो. काडी लावली की गुंडाळून पैशासारखा गोल होतो, आणि त्याच्या एकेका कड्याला पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. गोमेच्या कड्याला एकच जोडी असते आणि ती गुंडाळत बसत नाही, पळते. कपड्यांच्या घडीतून चांदीच्या रंगाचं, मागे तीन शेपट्या असलेलं काही सुळकन गेलं तर ती कसर. आणि ढेकूण तर ओळखायला सगळ्यात सोपा. पंख नसतात. मसुरीच्या डाळीएवढा, तसाच चपटा, तांबूस तपकिरी. रक्त प्यायला की लांबट होऊन फुगतो. सांध्यात बसतो आणि बसतो तिथे शाईचे टिपके पाडावेत तसे काळे डाग ठेवतो. हे सगळं ज्याला झोपेतही सांगता येतं, त्याने आपल्या मुलीला ढेकणाचा पलंग दिला, असं पन्नास माणसांत म्हटलं गेलं होतं.

पलंग मी परतवाड्यातून आणला होता. लाकडाच्या व्यापारातलं जुनं मुसलमान घर, पोरं नागपूर-हैदराबादकडे गेलेली, घर विकायला काढलेलं. घरात एक म्हातारी आपा आणि तिची सून. पलंग पाहताक्षणी माझा जीव त्याच्यावर बसला. एकाच झाडाचे चार खूर, डोक्याकडच्या फळीवर साधी वेल. पण मन बसलेलं चेहऱ्यावर दाखवलं तर मी कसला गिऱ्हाईक? आपा भावावरून हलेना. मग मी खिशातला चाकू एका सांध्यात घातला, एक वाळका काळा तुकडा काढला आणि तळहातावर ठेवून म्हणालो, "ये क्या है आपा? खटमल है इसमें."

तो झुरळाच्या पंखाचा तुकडा होता. मला ते माहीत होतं.

"तौबा," ती म्हणाली. "भाईजान, मेरी तीनों बेटियां इसी पे पैदा हुईं. एक खटमल नहीं देखा मैंने."

तिला नीट दिसत नव्हतं आणि दारात शेजारणी उभ्या होत्या. उधळी म्हटली तर माणूस भांडतो. ढेकूण म्हटला की लाजतो. आपाने मान खाली घातली आणि सुनेला म्हणाली, दे दो. मी पलंग टेम्पोत चढवला. गोदामात आणून रंधा मारला, पॉलिश केलं आणि मुलीच्या लग्नात दिला.

साक्षगंधानंतर दोन महिने मी व्याह्यांशी बोललो नाही. मुलीचा फोन यायचा, तिच्याशी बोलायचो, पण सासऱ्यांचं नाव काढून "मामाजी विचारून राहिले तुमाले" म्हणाली की "ठेवतो" म्हणायचो. गोदामात गिऱ्हाइकाशी उगाच खेकसायचो. कोणी एखाद्या पलंगाला हात लावून नुसतं "जुना दिसते" म्हटलं तरी डोकं फिरायचं. एका चांगल्या गिऱ्हाइकाला मी दारापर्यंत घालवून आलो.

एप्रिलमध्ये मुलीचा फोन आला. "बाबा, पलंग आंगणात काढला. आठ दिवस झाले. मामाजी म्हणतात रविवारी भंगारवाला येते, त्याले देऊन टाकू."

"सागवानी पलंग? भंगारात?"

"तुमाले याचं असंल तर या. मी कोणाकोणाले सांगू?"

"तू झोपते कुठं मंग?"

"खाली. चटईवर."

"आता तर खाजवत नाई ना?"

"खाजवते ना. पयल्यापेक्षा जास्त."

मी खुर्चीत सरळ बसलो. पलंग आठ दिवस उन्हात, पोरगी खाली जमिनीवर, आणि खाज जास्त. शिवाय पलंग त्या घरात गेला मे महिन्यात. तक्रार सुरू झाली डिसेंबरात. सात महिने ढेकूण काय उपाशी बसला होता? मला खटला जिंकल्यासारखं वाटलं. शनिवारी सकाळी खिशात भिंग आणि काडेपेटी, पिशवीत चिकटपट्टी घेऊन मी अकोल्याची बस धरली.

बसमध्ये स्वस्थ बसवेना. पिशवी मांडीवर घेतली, मग वर ठेवली, मग काढून फाटक्या सीटच्या फटीत खोचली. व्याह्यांना काय काय बोलायचं ते मनात जुळवत होतो, आणि दर खेपेला शेवटचं वाक्य जास्त कडू होत होतं. अकोल्याला गाडी बदलायची होती. मधल्या वेळात चहा मागवला आणि न पिता उठलो. स्टँडच्या तीन फेऱ्या मारल्या. तेल्हाऱ्याच्या गाडीत शेजारच्या बाईने विचारलं, "भाऊ, तब्येत बरी नाई का?"

पलंग अंगणात मधोमध होता. वर सावली नव्हती. पॉलिशला फोड आले होते, डोक्याकडच्या फळीवर कोंबडी बसली होती. मी कोंबडी हुसकली आणि पिशवी पलंगावर ठेवली.

व्याही ओसरीत होते. "या इवाई. पलंगाले पाहाले आले का पोरीले?"

"दोघाइले."

विहीणबाईंनी पाण्याचा तांब्या आणला. "पाणी मंग पिऊ," मी म्हणालो. "पयले ढेकूण दाखवा मले."

"ढेकूण का दाखवाले ठेवते का कोनी?" व्याही हसले. "चावते ते दिसते. हे पाहा." त्यांनी बाही वर केली. दंडावर लाल पुरळ होतं.

मी आत गेलो. मुलीच्या खोलीला लागूनच दुसरी खोली. मधलं दार धड लागत नव्हतं, कारण पलीकडून कापूस त्याला रेटत होता. जमिनीपासून पार आढ्यापर्यंत कापूस. भाव येईल म्हणून घरात भरून ठेवलेला. या भागात त्या साली घरोघरी हेच होतं, लोक कापसाच्या कडेला अंथरूण टाकून झोपत होते. मी दाराच्या फटीशी वाकलो. भिंतीवर राखाडी कण हलत होते. चिकटपट्टी दाबली, उचलली, आणि पट्टी तशीच घेऊन बाहेर उन्हात आलो.

"हे घ्या भिंग," मी म्हणालो. "अन् मोठ्यानं सांगा काय दिसते ते."

व्याह्यांनी एक डोळा मिटला. "किडा हाये."

"त्याले पंख हायेत का नाई?"

"हायेत."

"ढेकणाले पंख नसतात. जन्मात येत नाई. हे तोंड पाहा, पेन्सिलीसारखं टोकदार. ढेकणाचं तोंड बसकं, रुंद. हा लांबट हाये, काळपट करडा, पाठीवर मळक्या पांढऱ्या रंगाचे पंख पसरले. हे बाजूचं पिल्लू. याले पंख नाई, पोट लाल गोल हाये, पण तोंड मायबापासारखंच टोकदार. आता सांगा, हा पलंगातून आला का तुमच्या कापसातून?"

व्याही काही बोलायच्या आत विहीणबाई पुढे आल्या. त्यांना भिंग लागलं नाही. "बाप्पा, हा तं ढेकण्या हाये! कपाशीवरचा. मी पयल्या दिवसापासून सांगून राहिली, घरात ढेकण्या झाला, ढेकण्या झाला. या घरात कोनी आयकते का माह्यं?"

ढेकूण आणि ढेकण्या. शेतात हा फुटलेल्या बोंडात बसून सरकीचा रस पितो, वेचणीबरोबर घरी येतो, आणि सरकी वाळली की उपाशी होऊन माणसाच्या अंगावर चढतो. कापूस वेचणाऱ्या कोणत्याही बाईला तो ठाऊक असतो. त्याचा मोठा भाऊ लाल ढेकण्या तर पोरंही ओळखतात. व्याह्यांनी चाळीस वर्षं कपाशी पिकवली आहे. त्यांना ऐकू चुकीचं आलं असेल, हे मी मानायला तयार नाही. ढेकण्या म्हटलं असतं तर घरातलं पुढचं वाक्य "मंग कापूस विका" हे झालं असतं. जावई तेच म्हणत होता, विहीणबाई तेच म्हणत होत्या. ढेकूण म्हटलं की दोष पलंगाचा, आणि कापूस जागच्या जागी.

एका शब्दाने त्यांनी मला परतवाड्याची आपा केलं होतं. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि त्याने मी नरम व्हायला हवं होतं. उलट राग दुप्पट झाला.

"पंगतीत बोलले ते मागं घ्या," मी म्हणालो.

व्याह्यांनी चिकटपट्टी उलटसुलट करून पाहिली. "चुकलं माह्यं," ते म्हणाले. "माल चांगला हाये तुमचा."

"जोरानं म्हणा. शेजाऱ्याइले आयकू जाऊ द्या."

"बाबा, बस करा," मुलगी म्हणाली.

ती इतका वेळ दारात उभी होती. आल्यापासून मी तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. ती पुढे आली आणि दोन्ही हात माझ्यापुढे केले. कोपरापर्यंत पुरळ, खाजवून खाजवून खपल्या धरलेल्या, मनगटाजवळ नखांचे ओरखडे. "भिंगातून किडे पायले तुमी," ती म्हणाली. "हे पायले का?"

फोनवर मी तिला खाजवते का म्हणून विचारलं होतं, ते पुरावा हवा होता म्हणून. तेव्हा तसं वाटलं नव्हतं. आता हातांकडे बघताना दुसरं काही वाटेना.

व्याहीही त्या हातांकडे बघत होते. मग विहीणबाईंकडे वळून म्हणाले, "सोमवारी गाडी बोलावतो. जाऊ द्या कापूस, जो भाव भेटन तो भेटन."

सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. पलंग आत घ्यायचं ठरलं. एका टोकाला व्याही, एका टोकाला मी. उचलण्याआधी मी चाकू काढला आणि म्हणालो, "थांबा, सांधे पाहून घेतो. नंतर कोनी बोलाले नको." गरज नव्हती. मला अजून थोडं जिंकायचं होतं.

पहिला सांधा स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसऱ्या सांध्यात, डोक्याकडच्या फळीच्या खाली, चाकूच्या टोकाशी काहीतरी हललं. चपटं. मसुरीच्या डाळीएवढं. तांबूस तपकिरी. पंख नाहीत. तोंड बसकं.

"हाये का काही?" पलीकडून व्याह्यांनी विचारलं.

"काही नाई," मी म्हणालो, आणि पाठ करून तो काडेपेटीत टाकला.

पलंग आत गेला. मी जेवून निघालो. काय वाढलं होतं ते आठवत नाही. परतीच्या बसमध्ये काडेपेटी वरच्या खिशात होती आणि मी दर थोड्या वेळाने तिथे हात लावत होतो. तो पलंगातला असेल तर आठ दिवस वऱ्हाडातल्या एप्रिलच्या उन्हात जगला कसा? आत खोल सांध्यात ऊन पोचत नाही, असंही म्हणता येतं. की सकाळच्या बसच्या सीटमधून माझ्या पिशवीत शिरला आणि पिशवी पलंगावर ठेवली तेव्हा उतरला? काळे डाग दिसले नव्हते. पण मी ते नीट शोधले होते का, की काडेपेटी लपवायच्या घाईत होतो?

आणि सगळ्यात जास्त टोचत होतं ते वेगळंच. परतवाड्याहून पलंग आणल्यावर मी सांधे उघडून पाहिलेच नव्हते. दुसऱ्या कोणाचा माल असता तर फळी न् फळी सुटी केली असती. या पलंगात ढेकूण आहे असं मीच म्हटलं होतं, आणि मी खोटं बोलतो आहे हे मला माहीत होतं. मग कशाला पाहायचं? आपा खरं बोलत होती आणि मी खोटं, एवढ्या एका गोष्टीवर विसंबून मी तो मुलीला दिला.

अमरावतीला आल्यावर पिशवी अंगणात उलटी केली. मग घरातल्या पलंगाचे सांधे उघडले. मग गोदामातल्या अकरा पलंगांचे. बायको म्हणाली, "तिकडं जिंकून आले म्हणता, मंग इकडं काहून खोदून राहिले?" मी तिच्यावर ओरडलो. मुलीचा फोन आला, कापूस गेला, पुरळ बसत आलं, आता ती पलंगावर झोपते. मी तिला दर फोनला विचारायचो, "काही चावते का?" ती म्हणायची, "नाई बाबा, तुमी काहून सारखं विचारता?"

तीन आठवडे झाले तेव्हा मी व्याह्यांना फोन लावला. गोदामात गिऱ्हाईक होतं, त्याला थांब म्हटलं.

"इवाई, एक सांगाचं राहिलं."

"बोला."

तिसऱ्या सांध्यात काय सापडलं ते सांगितलं.

"पंख होते का?" व्याह्यांनी विचारलं.

"नाई."

"मंग पिल्लू असंल ना ढेकण्याचं. पिल्लाले पंख नसतात, तुमीच सांगतलं."

मी आयुष्यभर सौदे केले आहेत. समोरचा आपण होऊन इतक्या खाली येतो तेव्हा एक शब्दही न बोलता हात मिळवायचा असतो. व्याह्यांना ते माझ्याइतकंच कळतं. त्यांनी मुद्दामच तो भाव सांगितला होता.

"पिल्लू नव्हतं," मी म्हणालो. "तोंड बसकं होतं."

"अस्सं. मंग तुमचाच हाये."

"बसमधून बी आला असंल. पिशवी सीटच्या फटीत..."

"आता बसवर ढकलून राहिले का?" ते इतक्या जोरात हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मागे विहीणबाईंना सगळं पहिल्यापासून सांगत होते, हेही ऐकू आलं. पुढच्या पंगतीत हे निघणार, मला माहीत होतं.

"रविवारी येतो," मी म्हणालो. "सारे सांधे खोलतो. उकळतं पाणी लागन."

"ठेवतो ना," व्याही म्हणाले. "पण यावेळी आमचं साधं पाणी पयले प्या, मंग पलंगाले हात लावा."

रविवार परवा आहे. चाकू, भिंग आणि हातोडी बायकोच्या जुन्या रुमालात बांधून ठेवली आहेत. पिशवी नेणार नाही.